सुई टोचली, आणि तू गप्प बसलीस?

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद. काल फोनवर घाईत बोलणं झालं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली बोट धुतलंस, एमवाय हॉस्पिटलला जाऊन औषध सुरू केलंस, हे छान झालं. बोट दाबून रक्त काढायला सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नकोस.

पण मधले चार तास तू गप्प होतीस, ते मला खटकलं. इन्चार्ज सिस्टर ओरडतील म्हणे! ओरडू देत की. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी शक्यतो दोन तासांत पोटात जायला हवी. 72 तास उलटले की तिचा उपयोग राहत नाही. आता मळमळलं तरी 28 दिवसांचा कोर्स पुरा कर.

तुझी सगळी भीती एचआयव्हीची. बाधित रुग्णाची सुई लागली तरी त्याची लागण 1000 पैकी साधारण 3 जणांना होते. लस न घेतलेल्यांत हिपॅटायटिस बीचं हेच प्रमाण 100 पैकी 30 पर्यंत जाऊ शकतं. तुझे तिन्ही डोस झालेत, पण टायटर, म्हणजे रक्तातलं प्रतिपिंडांचं प्रमाण, कधी पाहिलंस? ते 10 च्या वर हवं. लस देणं ही 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हॉस्पिटलचीच जबाबदारी आहे, तेव्हा मागायला लाजायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. तुला लागलेली सुई तुझ्या हातातली नव्हतीच. ट्रेमध्ये गॉजखाली कुणीतरी सलाईनच्या कॅन्युलाची सुई तशीच सोडली होती, तू ट्रे आवरायला गेलीस. आमच्या वॉर्डात हे सगळ्यात जास्त सफाईवाल्या दीदींच्या वाट्याला यायचं. प्लास्टिकच्या कचऱ्याची लाल पिशवी उचलायची, पायाला घासायची, की पिशवीतून आरपार सुई पोटरीत. कुठल्या रुग्णाची, कळायला मार्ग नाही. 2017 पासून स्वच्छतेचा पहिला नंबर मिरवणारं आपलं इंदूर, घरोघरी ओला-सुका वेगळा करतं. आणि वॉर्डात सुई लाल पिशवीत! ज्याने टोचली त्यानेच, तिथल्या तिथे, टोपण न लावता ती सुयांसाठीच्या पांढऱ्या डब्यात टाकायची. डबा पलंगाजवळ न्यायचा, सुई हातात घेऊन वॉर्डभर फिरायचं नाही. पाऊण भरला की बंद.

रजिस्टरमध्ये वेळ, जागा, कुठली सुई, सगळं लिहून सही घे. पुढे काही निघालं तर तोच कागद उपयोगी पडेल. पुढची तपासणी सहा आठवड्यांनी, मग तीन आणि सहा महिन्यांनी.

आईला मी सांगते. तू सांगशील तर ती रात्रीच्या गाडीनेच येईल.

तुझी,
मावशी