दोन पीसीमध्ये फाइल शेअर करायचीय ना, मग पर्मिशनमध्ये एव्हरीवन ठेवू नकोस

अरे, सगळ्यात आधी तो पेनड्राइव्ह घेऊन टेबलांमधून फिरणं बंद कर. दोन्ही मशीन एकाच राउटरवर आहेत ना, मग विंडोजचंच शेअरिंग पुरतं.

ज्या पीसीवर फाइल्स आहेत तिथे एक वेगळा लोकल युजर (म्हणजे त्याच पीसीवरचं खातं) बनव, पासवर्डसकट, कारण विंडोज उघडायचा पिन फक्त त्याच मशीनपुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही आणि नवीन माणूस इथेच तासभर डोकं आपटत बसतो. मग फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, अ‍ॅडव्हान्स्ड शेअरिंग. पर्मिशन्समध्ये एव्हरीवन, म्हणजे 'सगळेच', दिसेल, तो काढ आणि तुझा नवा युजर टाक. हे मी का सांगतोय, तर वागळे इस्टेटला कामाला होतो तेव्हा मी घाईत एव्हरीवन तसाच ठेवला, पासवर्ड प्रोटेक्शन पण बंद, आणि जेवून येईपर्यंत पगाराची शीट अख्ख्या मजल्याने वाचलेली!

त्याच प्रॉपर्टीजच्या सिक्युरिटी टॅबमध्ये पण तोच युजर लागतो हां, दोन्हीकडे जे जास्त कडक असेल तेच लागू होतं.

शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचं चिन्ह दिलंस तर नेटवर्कच्या यादीत ते दिसत नाही, पण ते नुसतं पडद्याआड ठेवणं झालं, कुलूप नव्हे. दुसऱ्या पीसीवर अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश, पीसीचं नाव, एक उलटा स्लॅश, शेअरचं नाव. लॉगिन विचारलं तर त्या नव्या युजरचं नाव आणि पासवर्ड दे.

नाहीच उघडलं तर नेटवर्क पब्लिकवर आहे का बघ, प्रायव्हेट कर. आणि तो पहिला पीसी झोपलेला नाही ना, तेही बघ.