इंदूरच्या विजयनगर चौराह्यावर आधी उभा राहा

नव्या ऑफिस इमारतीमुळे रहदारी किती वाढेल याचा अहवाल करतोयस ना, मग सॉफ्टवेअर नंतर उघड. चौकात गाड्यांची मोजणी 15-15 मिनिटांची कर आणि सरळ, डावं, उजवं असं प्रत्येक वळण वेगळं लिही. नुसत्या एकूण आकड्यातून कुठलं वळण तुंबतंय ते कळत नाही. हिरव्या सिग्नलला सुटलेल्या गाड्याच मोजल्यास तर मागे अडकलेले लोक कागदावर येतच नाहीत, म्हणून रांगेची लांबीही घे. रंगपंचमीच्या गेरचा, म्हणजे मिरवणुकीचा, दिवस टाळ; रविवार तर सोडच.

पीसीयू (प्रत्येक वाहन किती कारइतकं धरायचं तो आकडा) आणि रस्त्याच्या क्षमतेसाठी 2017चं इंडो-एचसीएम हे भारतीय मार्गदर्शक पुस्तक आहे. अमेरिकी ट्रिप-दर (इमारतीच्या आकारामागे किती फेऱ्या होतात ते) मात्र थेट उचलू नकोस, आपल्याकडच्या दुचाकींचा हिशोब त्यात बसत नाही. त्यापेक्षा एबी रोडवरच्या तशाच एखाद्या चालू ऑफिसच्या गेटवर सकाळ-संध्याकाळ मोज आणि चटईक्षेत्रावर दर काढ.

मग तीन स्थिती मांड: आजची, इमारत सुरू होईल त्या वर्षाची पण इमारतीविना, आणि त्याच वर्षाची इमारतीसह. मधली गाळलीस तर शहराची सगळी वाढ बिल्डरच्या माथी बसते; तो भांडेल, आणि ते रास्तच. गेट चौकाच्या तोंडाशी दाखवलं असेल तर नकाशा मंजुरीला जाण्याआधीच मागे सरकवायला सांग.