अ‍ॅरिझोनात लॅटिनोंविरुद्ध वातावरण आहे का? पुण्याहून चँडलरला येणाऱ्या अमोलना उत्तर

अमोल, नमस्कार.

कंपनी तुमची बदली पुण्याहून चँडलरला करते आहे, सोबत पत्नी आणि सातवीतली मुलगी आहे. बातम्या बघून घरची मंडळी घाबरली आहेत, आणि तुम्ही विचारलंय की अ‍ॅरिझोनातल्या लोकांचं लॅटिनोंबद्दल, म्हणजे मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या देशांत मूळ असलेल्या लोकांबद्दल, नेमकं काय मत आहे. पुढे तुम्हीच लिहिलंय, "आपण तर रीतसर व्हिसावर येतोय, मग आपला त्याच्याशी काय संबंध?" मी इथे बरीच वर्षं राहते आहे. आपल्या लोकांच्या तोंडून हे वाक्य फार ऐकलंय, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते.

तुम्ही ज्या गावात घर शोधताय तिथलीच गोष्ट सांगते. जुलै 1997 मध्ये चँडलरचे पोलीस आणि बॉर्डर पेट्रोल हे केंद्राचं सीमा पोलीस दल यांनी मिळून शहराच्या जुन्या भागात पाच दिवस धरपकड केली. कागदपत्रं नसलेले चारशेहून जास्त लोक पकडले गेले. पण त्या पाच दिवसांत दुकानाच्या दारात, पार्किंगमध्ये, रस्त्यात अडवून ज्यांच्याकडे कागद मागितले त्यांत जन्मापासून अमेरिकन असलेली माणसंही होती. वर्ण सावळा आणि तोंडात स्पॅनिश, एवढ्यावरून त्यांना अडवलं होतं. पुढे राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी चौकशी करून ताशेरे ओढले, खटले झाले, शहराला भरपाई द्यावी लागली. आज त्याच चँडलरमध्ये इंटेलमुळे भारतीयांची दाट वस्ती आहे आणि आपल्यातल्या बहुतेकांना ही हकीकत माहीतसुद्धा नाही. चार वर्षांनी, 15 सप्टेंबर 2001 रोजी, म्हणजे 9/11 च्या हल्ल्यानंतर चार दिवसांनी, शेजारच्या मेसा शहरात बलबीर सिंग सोढी यांना त्यांच्याच पेट्रोल पंपाबाहेर गोळी घातली गेली. मारणाऱ्याने फक्त पगडी आणि दाढी बघितली. व्हिसाचा शिक्का कपाळावर उमटलेला नसतो, अमोल. तुमचा त्याच्याशी संबंध आहे.

आता याचा अर्थ इथले लोक वाईट आहेत असा काढू नका. मी इथे सुखाने राहते. फक्त इथलं मत एका शब्दात सांगता येत नाही, आणि ते असं का झालं हे कळल्याशिवाय बातम्यांचा अर्थ लागत नाही.

एक तर, ज्यांना बाहेरचे म्हणतात ते इथे आधीपासूनचे आहेत. राज्याच्या दक्षिणेतल्या टूसॉन शहराचा स्पॅनिश किल्ला 1775 चा. राज्याचा दक्षिण भाग अमेरिकेने मेक्सिकोकडून विकत घेतला तो 1854 साली, आणि अ‍ॅरिझोना राज्य झालं 1912 मध्ये. कितीतरी कुटुंबं जागची हलली नाहीत, सीमा त्यांच्यावरून पुढे गेली. मुंबई-पुण्यात भूमिपुत्र आणि परप्रांतीय हा वाद ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्यांना इथला सूर ओळखीचा वाटतो, पण ही एक गोष्ट मनात ठेवूनच तो ऐका.

दुसरं म्हणजे, 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत सीमा ओलांडणारे मुख्यतः सॅन डिएगो आणि एल पासो या शहरांजवळून यायचे. केंद्र सरकारने तिथे पहारा आणि कुंपण वाढवलं आणि सगळा लोंढा अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटाकडे वळला. 2000 साली एकट्या टूसॉन विभागात पकडल्याच्या नोंदी 6 लाखांहून अधिक झाल्या. सीमेवरच्या रँचमालकांच्या, म्हणजे गुरांचे मोठे मळे असलेल्यांच्या, कुंपणांच्या तारा कापल्या जाऊ लागल्या, पाण्याच्या टाक्या फुटू लागल्या, तस्करांच्या टोळ्या आल्या, आणि वाळवंटात तहानेने मेलेल्या माणसांचे सांगाडे सापडू लागले. मार्च 2010 मध्ये सीमेलगतच्या कोचीस काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी) एका रँचमालकाचा खून झाला, खुनी सापडला नाही, आणि राज्यभर संतापाची लाट उठली. तिथल्या माणसांची भीती खोटी नव्हती. तिचं राजकारण ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मात्र माझं मत चांगलं नाही.

त्याच एप्रिलमध्ये राज्यपाल जॅन ब्रूअर यांनी एसबी 1070 वर सही केली. पोलिसांनी कुणाला काही कारणाने थांबवलं आणि शंका आली तर त्याचा इमिग्रेशन दर्जा तपासायचा, असा तो कायदा. त्या वेळच्या पाहण्यांत बहुसंख्य मतदार त्याच्या बाजूने होते. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची तीन कलमं रद्द केली, पण हे तपासणीचं कलम ठेवलं. मॅरिकोपा काउंटीत, म्हणजे फिनिक्स आणि चँडलर जिथे येतात तिथे, 24 वर्षं शेरीफ, म्हणजे निवडून आलेले पोलीसप्रमुख, होते जो अर्पायो. कैद्यांना उन्हात तंबूत ठेवणारे म्हणून ते देशभर गाजले, आणि लोक त्यांना पुन्हा पुन्हा निवडून देत राहिले. 2013 मध्ये केंद्रीय न्यायालयाने निकाल दिला की त्यांचं खातं लॅटिनोंना वंशावरून अडवत होतं. 2016 ला ते निवडणूक हरले.

पण दुसरी बाजूही तेव्हाच उभी राहिली. मे 2010 मध्ये फिनिक्स सन्स हा बास्केटबॉलचा संघ 'लॉस सन्स' असं स्पॅनिश वळणाचं नाव लिहिलेले शर्ट घालून सामना खेळला. कायद्याच्या निषेधार्थ इथल्या परिषदा रद्द झाल्या, हॉटेलं रिकामी पडली. 2011 च्या मार्चमध्ये राज्यातल्या साठेक कंपन्यांच्या प्रमुखांनी पत्र लिहून आणखी असे कायदे नकोत म्हणून सांगितलं आणि राज्याच्या सिनेटने अशी पाच विधेयकं एका दिवसात पाडली. एसबी 1070 चे कर्ते रसेल पिअर्स यांना त्याच वर्षी त्यांच्याच मतदारांनी, मेसामधल्या, मतदान करून मुदतीआधी पदावरून परत बोलावलं.

अलीकडचं सांगायचं तर 2022 मध्ये मतदारांनी कागदपत्रं नसलेल्या विद्यार्थ्यांना राज्यातल्या रहिवाशांइतकीच कमी फी लागेल असा प्रस्ताव मंजूर केला, 51 टक्क्यांच्या आसपास मतांनी. 2024 मध्ये सीमा चोरून ओलांडणं हा राज्याचाही गुन्हा ठरवणारा प्रस्ताव सुमारे 63 टक्क्यांनी मंजूर झाला. आणि त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, कोलंबियन आई आणि मेक्सिकन बापाच्या मुलाला, रूबेन गायेगोंना, राज्याने वॉशिंग्टनच्या सिनेटवर आपले पहिले लॅटिनो सिनेटर म्हणून निवडलं. लॅटिनो मतदारांतलेही कितीतरी जण कडक बंदोबस्ताच्या बाजूचे आहेत, हेही लक्षात घ्या.

हे विसंगत वाटेल, पण माझ्या गल्लीत राहिलं की वाटत नाही. माझ्या शेजारी आयोवातून निवृत्त होऊन आलेले एक गृहस्थ आहेत. दर गुरुवारी त्यांच्याकडे बागकामाला एक मेक्सिकन माणूस येतो. उन्हाळ्यात पहाटे पाचलाच येतो, कारण दहानंतर इथे कुदळीचं लोखंड हातात धरवत नाही. शेजारी त्याच्यासाठी पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट बर्फात घालून ओट्यावर ठेवतात. त्याच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा यांनी पाकीट दिलं. आणि हेच गृहस्थ संध्याकाळी भिंतीपलीकडून मला सांगतात की ही माणसं देश बुडवणार, बॉर्डर बंदच केली पाहिजे. मग म्हणतात, "तुम्ही मात्र रीतसर आलात, तुमची गोष्ट वेगळी."

हे कौतुक तुम्हालाही मिळेल, आणि आपल्या मराठी मंडळींना ते फार आवडतं. गणपतीला जमलेल्या पंगतीत मी ऐकलंय, "आम्ही रांगेत उभे राहिलो, यांना का सवलत?" माझं म्हणणं असं की ती रांग नीट बघा. फारसं शिक्षण न लागणाऱ्या कामासाठी सगळ्या जगाला मिळून वर्षाला ग्रीन कार्डं असतात 10,000, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. त्या माळ्याला उभं राहायला रांगच नाही. कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या 7 टक्क्यांहून जास्त नाही, हा जो नियम आपल्या इंजिनिअरांना दशकानुदशकं अडकवून ठेवतो, तोच नियम अमेरिकन नागरिकांच्या मेक्सिकन भावंडांना वीस वर्षांहून जास्त ताटकळत ठेवतो. आपला आणि त्यांचा अडसर एकच आहे.

शिवाय कागद नसलेले फक्त लॅटिनो असतात हेही खरं नाही. फेब्रुवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानाने 104 भारतीयांना बेड्या घालून अमृतसरला उतरवलं, त्यात तिघे महाराष्ट्राचे होते. जून 2019 मध्ये याच राज्यात, लूकव्हिलजवळच्या वाळवंटात, सहा वर्षांची पंजाबी मुलगी उष्माघाताने गेली. तिची आई पाणी शोधायला गेली होती. आणि रीतसर आलेल्यांनाही कायमची हमी नसते. सप्टेंबर 2025 मध्ये नोकरीसाठीच्या एच-1बी व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची फी लागली. कोण चांगला परदेशी आणि कोण नको असलेला, ही रेघ आपल्या हातात नाही. म्हणून तिच्या अलीकडे उभं राहून पलीकडच्यांना नावं ठेवू नका, एवढं मी कळकळीने सांगते.

आता रोजच्या जगण्याचं. ऑफिसात, शाळेत, दुकानात तुम्हाला त्रास होईल असं मला वाटत नाही. 2020 च्या जनगणनेत राज्यात हिस्पॅनिक (जनगणनेत लॅटिनोंसाठीचा शब्द) लोक 31 टक्क्यांच्या जवळपास होते, आणि सरकारी शाळांत तीच मुलं संख्येने सगळ्यांत जास्त. म्हणजे मतदार पिढी बरीचशी गोरी आणि म्हातारी, वर्गातली पिढी सावळी. शाळांना पैसे द्यायची वेळ आली की हा ताण दिसतो. घर बघताना "तिकडे नको, तिकडे मेक्सिकन जास्त आहेत" असं सांगणारे आपलेच लोक भेटतील. त्यांचं ऐकून गाव ठरवू नका. शाळा स्वतः जाऊन बघा, संध्याकाळी त्या गल्लीतून चालून या. फूड सिटीसारख्या मेक्सिकन दुकानात कोथिंबीर, पेरू, चिंच, हिरव्या मिरच्या मिळतात, नाताळच्या सुमारास ऊससुद्धा. पत्नीला तिथे पहिल्याच आठवड्यात घेऊन जा.

कागद मात्र जवळ ठेवा. अठरा वर्षांवरच्या परदेशी माणसाने नोंदणीचा पुरावा बाळगावा असा केंद्राचा कायदाच आहे, तुमच्या बाबतीत आय-94, म्हणजे देशात आल्याची सरकारी नोंद. टूसॉनच्या दक्षिणेला फिरायला गेलात तर परतीच्या वाटेवर बॉर्डर पेट्रोलची चौकी लागते, तिथे मूळ पासपोर्टच असू द्या. याच राज्याचे माजी राज्यपाल राऊल कास्त्रो, जन्म मेक्सिकोतला, 2012 मध्ये वाढदिवसाच्या जेवणाला निघाले असताना ट्युबॅकजवळच्या चौकीवर थांबवले गेले. आदल्या दिवशीच्या हृदयाच्या तपासणीमुळे किरणोत्साराचं यंत्र वाजलं होतं. वय 96, बाहेर जूनचं ऊन. तुम्हाला थांबवलं तर शांतपणे विचारल्याचं उत्तर द्या, खोटं काही बोलू नका, आणि कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाचा नंबर दोघांच्याही फोनमध्ये असू द्या.

मुलीने शाळेत फ्रेंच घ्यावं की स्पॅनिश, असं शेवटी विचारलंय. स्पॅनिश घेऊ दे. वर्गातल्या अर्ध्या मैत्रिणींच्या आज्या तीच भाषा बोलतात, आणि त्यांच्या घरी जेवायला बसली की ती दोन महिन्यांत शाळेच्या पुस्तकाच्या पुढे जाईल.