ट्रेमधलं पाइनचं जंगल

प्रश्न: कसौलीला पाइनचं जंगल बघितल्यापासून तसं बोन्साय करायचं डोक्यात बसलंय, घर नवी मुंबईत घणसोलीला, बाल्कनीत दुपारपर्यंत ऊन येतं. जमेल का?

उत्तर: जमेल की! पण पाइन नको, आपल्या पावसाळ्यात कुंडीत त्याची मुळं पटकन कुजतात, त्यापेक्षा सुरूची 5 किंवा 7 रोपं घ्या, समुद्रकाठचं झाड आहे आणि लांबून अगदी पाइनच वाटतं. सगळ्यात उंच, जाड झाड मधोमध लावू नका, जरा बाजूला आणि पुढे ठेवा, बारकी मागे, म्हणजे जंगल आत लांबवर गेल्यासारखं दिसतं. आणि डोंगरात कडेची झाडं उजेडाकडे झुकलेली असतात ना, फांद्या बाहेरच्याच अंगाला, तसंच करा, मला तर तेच सगळ्यात आवडतं. ट्रे उथळ, माती भरड, उन्हाळ्यात पाणी दिवसातून दोनदा.