महासाथीत कॉलेज फुटबॉल खेळता येतो का? येतो, पण तो कॉलेजचा राहत नाही

मधूनच वाचायला येणाऱ्यांसाठी प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. तुमचा मुलगा पुढच्या वर्षी अमेरिकेत शिकायला येतोय. त्याला तिथल्या कॉलेज फुटबॉलचं वेड लागलंय आणि जुन्या मॅच बघता बघता रिकाम्या स्टेडियममधला २०२० चा सीझन त्याच्या हाती लागला. तुमचं म्हणणं, करोनाची साथ भरात असताना अंगाला अंग भिडणारा खेळ खेळणं हा शुद्ध अविचार. त्याचं म्हणणं, खेळले की! मग बिघडलं काय? आणि तुम्ही विचारलंय की यात बरोबर कोण.

मी ओहायोत बावीस वर्षं राहतेय. २०२० मध्ये एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होते आणि रोज स्वॅबच्या नळ्यांचे ढीग उपसत होते. आणि मी या खेळाची भक्तही आहे. इथे नवीन आले तेव्हा शनिवारी अख्खं गाव एका रंगाचे कपडे घालून रस्त्यावर उतरतं हे बघून चक्रावले होते, पुढे मीही त्याच रंगात बाहेर पडायला लागले. त्यामुळे हा वाद माझ्या स्वतःच्या डोक्यात तो सबंध पावसाळा आणि हिवाळा चालला होता. (हा फुटबॉल म्हणजे कोल्हापूरच्या पेठांत खेळतात तो नव्हे. हा हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू घेऊन एकमेकांवर आदळायचा खेळ. एका टीममध्ये शंभराच्या वर पोरं असतात, आणि साथीच्या दृष्टीने हा आकडा फार महत्त्वाचा आहे.)

आधी काय घडलं ते सांगते. जुलै २०२० मध्ये आयव्ही लीगने, म्हणजे हार्वर्ड, येल वगैरे आठ जुन्या विद्यापीठांच्या गटाने, शरद ऋतूतले सगळे खेळ रद्द केले. ११ ऑगस्टला बिग टेन आणि पॅक-१२ या दोन मोठ्या कॉन्फरन्सनी (कॉन्फरन्स म्हणजे आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट) एकाच दिवशी सीझन पुढे ढकलला. दक्षिणेतली एसईसी, एसीसी आणि मधली बिग १२ मात्र अडून राहिल्या की आम्ही खेळणारच. पाच आठवड्यांत बिग टेनने निर्णय फिरवला, मग पॅक-१२ नेही. शेवटी ११ जानेवारी २०२१ ला मायामी गार्डन्समध्ये अंतिम सामन्यात अलाबामाने ओहायो स्टेटला ५२-२४ असं हरवलं. अलाबामा त्या सीझनमध्ये १३ मॅच खेळली, ओहायो स्टेट फक्त ८. दोन्ही टीम एकाच विजेतेपदासाठी भांडत होत्या हे लक्षात घेतलं, तर सीझन किती फाटका होता ते कळतं.

म्हणजे 'खेळले की' हे तुमच्या मुलाचं म्हणणं खरं आहे. 'मग बिघडलं काय' यावर मात्र मला बरंच बोलायचंय.

ऑगस्टमध्ये सगळ्यांना धास्ती होती ती हृदयाची. मायोकार्डायटिस, म्हणजे हृदयाच्या स्नायूला येणारी सूज. विषाणूच्या आजारातून उठलेल्या खेळाडूने ती अंगात असताना जोरात पळापळ केली, तर मैदानावरच जीव जाऊ शकतो. ओहायो स्टेटच्या डॉक्टरांनी लागण होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचा हृदयाचा एमआरआय केला, त्यात ४ जणांमध्ये या सुजेची चिन्हं दिसली. सप्टेंबरमध्ये तो अहवाल आला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. पण २६ हा आकडा फारच लहान. पुढे बिग टेनच्या १३ विद्यापीठांनी मिळून १,५९७ खेळाडूंचे एमआरआय तपासले, त्यात ३७ जण निघाले, म्हणजे २.३ टक्के. त्यातही बहुतेकांना त्रास काहीच जाणवत नव्हता, एमआरआय केला नसता तर पत्ताही लागला नसता. तेव्हा भीती खोटी नव्हती, आधी वाटली तेवढी मोठीही नव्हती. मात्र हा मोठा आकडा आला २०२१ च्या मे महिन्यात. सीझन खेळवायचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांच्या हातात तो नव्हता. त्यांचा अंदाज बरोबर निघाला याचं श्रेय मी त्यांच्या शहाणपणाला देणार नाही.

आता तुमच्या मुद्द्याकडे येते, अंगाला अंग भिडणं. प्रयोगशाळेत काम करूनही मी इथे चुकले होते. मला वाटायचं, दोन्ही बाजूंचे लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेत समोरासमोर धडकणारे खेळाडू, तोंडासमोर तोंड आणून धापा टाकतात, तिथेच सगळ्यांना लागण होणार. तसं झालेलं फारसं दिसलं नाही. उघड्या हवेत काही सेकंदांची झटापट, मग सगळे विखुरतात. विषाणूने गाठलं ते मैदानाबाहेर. नोटर डेमचं उदाहरण घ्या. १९ सप्टेंबरला त्यांनी साउथ फ्लोरिडाला ५२-० हरवलं आणि लगेच टीममध्ये साथ पसरली, पुढच्या आठवड्यातली मॅच पुढे ढकलावी लागली. त्यांचे कोच ब्रायन केली यांनी नंतर सांगितलं ते असं: तोवर टीम एकत्र बसून एकदाही जेवली नव्हती, त्या मॅचच्या आधी बसली, आणि तिथूनच ती पसरली. एक पंगत पुरली. आपल्याकडच्या लग्नांत त्या वर्षी हेच घडत होतं, त्यामुळे तुम्हाला हे वेगळं सांगायला नको.

फ्लोरिडा विद्यापीठाच्या टीमचं आणखी वाईट. १० ऑक्टोबरला टेक्सासमध्ये मॅच हरल्यावर कोच डॅन मलेन म्हणाले की पुढच्या मॅचला आमचं स्टेडियम खच्चून भरू द्या. आठवड्याच्या आत त्यांचे २० हून जास्त खेळाडू बाधित निघाले, एलएसयूविरुद्धची (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) ती मॅच डिसेंबरपर्यंत लांबली, आणि खुद्द मलेन यांनाही लागण झाली.

मग सीझन पार कसा पडला? चाचण्यांवर. बिग टेनने परतताना अट घातली: प्रत्येक खेळाडूची रोज अँटिजेन चाचणी, बाधित निघाला तर २१ दिवस मॅच बंद आणि हृदयाची पूर्ण तपासणी झाल्याशिवाय परत मैदानावर नाही. एसईसीत चाचण्या आठवड्यातून तीनदा. रोज चाचणी करूनही विस्कॉन्सिनची टीम पहिलीच मॅच ४५-७ ने जिंकून लगेच साथीत सापडली आणि पुढच्या दोन मॅच रद्द झाल्या. ह्यूस्टनने ठरवलेल्या पहिल्या मॅच एकामागून एक पाण्यात गेल्या, त्यांना मैदानात उतरायला ८ ऑक्टोबर उजाडला. ओहायो स्टेट आणि मिशिगन १९१८ पासून दरवर्षी खेळत आले होते. १२ डिसेंबरची त्यांची मॅच मिशिगनमधल्या साथीमुळे रद्द झाली त्या दिवशी आमच्या गल्लीत सुतकी शांतता होती.

चाचण्यांचं हे सगळं वाचताना माझ्या पोटात अजूनही कालवतं. त्या शरद ऋतूत आमच्याकडच्या परिचारिकांना लक्षणं नसतील तर चाचणी मिळत नव्हती. रुग्णाच्या शेजारी आठ तास उभं राहून आलेली बाई घरी सासूला भेटायचं की नाही हे अंदाजाने ठरवायची. आणि त्याच राज्यात वीस वर्षांच्या धडधाकट पोरांची रोज सकाळी चाचणी व्हायची, निकाल मिनिटांत हातात. त्या पोरांवर माझा राग नाही, कधीच नव्हता. चाचणीची सोय करणं शक्य आहे हे त्यांच्यामुळेच दिसलं. ती कोणासाठी करायची हे मात्र शनिवारच्या मॅचने ठरवलं.

या उत्तरातलं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते आता लिहिते. बास्केटबॉलच्या एनबीएने २०२० मध्ये २२ टीमच्या खेळाडूंना ऑर्लँडोच्या डिस्नेमध्ये महिनोन्‌महिने कोंडून घेतलं, बाहेरच्याला आत प्रवेश नाही. ते व्यावसायिक खेळाडू, पगारी, त्यांची संघटना आहे, तिच्याशी बोलून अटी ठरल्या. कॉलेजांना तसं करता येईना. वर्षानुवर्षं त्यांनी कोर्टात आणि बाहेर एकच सांगितलं होतं की ही मुलं आमचे नोकर नाहीत, आधी विद्यार्थी आहेत. विद्यार्थी असतील तर त्यांना वर्गापासून, वसतिगृहापासून तोडून बंद कसं करणार?

आणि मग नेमकं तेच झालं, कोणी मोठ्याने न म्हणता. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने १० ऑगस्टला वर्ग सुरू केले, आठवड्यात साथ भडकली आणि पदवीचे वर्ग ऑनलाइन गेले. फुटबॉलची टीम मात्र १२ सप्टेंबरला मॅच खेळली. आवार जितकं ओस पडेल तितकी टीम सुरक्षित, असा उलटा हिशेब तयार झाला. त्या वर्षी सुरक्षित राहण्यासाठी खेळाडूने जे जे करायचं होतं, म्हणजे वर्गात बसायचं नाही, मित्रांकडे जायचं नाही, मेसमध्ये जेवायचं नाही, ते सगळं त्याला विद्यार्थीपणापासून दूर नेणारं होतं. म्हणून मी म्हणते की महासाथीत हा खेळ खेळता येतो, पण कॉलेजचा म्हणून नाही. नोकरी म्हणून येतो. आणि नोकरी असेल तर पगार हवा, विमा हवा, नाही म्हणायचा हक्क हवा.

हे खेळाडूंना आपल्यापेक्षा आधी कळलं होतं. २ ऑगस्टला पॅक-१२ च्या खेळाडूंनी आपल्या मागण्या जाहीर केल्या. आठवड्याने क्लेम्सनचा ट्रेव्हर लॉरेन्स, ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स वगैरेंनी 'आम्हाला खेळायचंय' म्हणून मोहीम चालवली, तेव्हा बातम्यांत फक्त ते घोषवाक्य आलं. त्यांच्या निवेदनात खाली लिहिलं होतं की सगळीकडे आरोग्याचे एकसारखे नियम हवेत, ज्याला खेळायचं नाही त्याचं वर्ष वाया जाऊ नये, आणि पुढे जाऊन खेळाडूंची स्वतःची संघटना हवी. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी मिळाल्या. शिष्यवृत्ती शाबूत राहील असं ठरलं, एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांची देशव्यापी नियामक संस्था) सगळ्यांना खेळायला एक वर्ष वाढवूनही दिलं, आणि 'आजारी पडलो तर दावा करणार नाही' अशी सही घेण्यावर बंदी आली. संघटना मिळाली नाही.

पैशाचं थोडक्यात. टीव्हीचे पैसे फुटबॉलमधून येतात आणि त्यावर पोहणं, टेनिस, कुस्ती हे सगळे खेळ जगतात. स्टॅनफर्डने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं (पुढे मे २०२१ मध्ये तो निर्णय मागे घेतला). त्यामुळे 'पैशासाठी खेळले' हे खरं असलं तरी तो पैसा फक्त कोचच्या खिशात जात होता असं नाही.

प्रेक्षक ही मात्र मला अजिबात न पटलेली गोष्ट. बिग टेनने फक्त खेळाडूंच्या घरच्यांना आत घेतलं, ते बरोबर केलं. दक्षिणेत हजारोंना घेतलं. कॅलिफोर्नियाने प्रेक्षक आणू दिले नाहीत म्हणून रोझ बोल हा नववर्षाचा मानाचा सामना पासाडेनाहून उचलून टेक्सासला नेला. ७ नोव्हेंबरला नोटर डेमने क्लेम्सनला दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये ४७-४० हरवलं आणि विद्यार्थ्यांचा लोंढा मैदानात घुसला. लॉरेन्स त्या मॅचला नव्हता, कारण त्याला करोना झाला होता. मी घरी सोफ्यावर बसून ओरडत होते, 'अरे मागे फिरा रे!'

तेव्हा तुम्हा दोघांत निवाडा करायचा तर: खेळ धोकादायक होता तो त्यातल्या धडकांमुळे, हे तुमचं म्हणणं चुकलं. खेळले म्हणजे खेळणं बरोबर होतं, हे त्याचं चुकलं. विषाणू वेगळा असता तर उत्तरही वेगळं असतं. १९१८ चा फ्लू वीस ते चाळिशीतल्या धडधाकट माणसांनाच गाठून मारत होता. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये कितीतरी टीम खेळल्याच नाहीत, पिट्सबर्गचा सीझन जवळपास सगळा नोव्हेंबरमध्ये झाला. जॉर्जिया टेकच्या मैदानावर तोंडाला फडकं बांधून बसलेल्या प्रेक्षकांचा त्या वर्षीचा फोटो मिळतो, तो मुलाला नक्की दाखवा. तसा विषाणू पुन्हा आला, तर रोज चाचणी करूनही मी माझ्या पोराला मैदानावर पाठवणार नाही.

आणि त्याला २०२० मधली एकच मॅच बघायची असेल तर अंतिम सामना सोडा, ५ डिसेंबरची कोस्टल कॅरोलायना विरुद्ध बीवाययू (यूटामधलं ब्रिगहॅम यंग विद्यापीठ) बघायला सांगा. दोन्ही टीम ९-० अशा अपराजित. कोस्टलची ठरलेली प्रतिस्पर्धी लिबर्टी करोनामुळे गळली, आणि तीन दिवसांत ही मॅच जुळवली गेली. करार पक्का व्हायच्या आतच बीवाययूचा सामानाचा ट्रक यूटाहून साउथ कॅरोलायनाकडे निघाला होता. एरवी अशा मॅच वर्षानुवर्षं आधी ठरतात. कोस्टल २२-१७ ने पुढे, शेवटचा चेंडू, बीवाययूचा खेळाडू तो झेलून गोलरेषेकडे झेपावतो आणि एक यार्ड बाकी असताना त्याला खाली ओढतात. स्टेडियम बरंचसं रिकामं. त्या रात्री मी ड्यूटीवर होते, आमच्या यंत्राच्या बाजूला फोन उभा करून आम्ही चौघं मास्क लावून ते शेवटचे काही सेकंद बघत होतो, आणि मागे नळ्यांची पुढची पेटी येऊन थांबली होती.