नाशिकच्या थंडीत एंजल फिशवर पांढरे ठिपके आले, हीटर नाही. काय करू?

रव्यासारखे बारीक दाणे पंखांवर दिसत असतील आणि मासा झाडांना अंग घासत असेल, तर तो 'इक' हा परजीवी आहे. एंजल मूळचा अॅमेझॉन खोऱ्यातल्या संथ, उबदार पाण्यातला. त्याला 26 ते 28 अंश लागतात. जानेवारीत आपल्याकडे रात्री पारा 10 च्या आसपास उतरतो. पाणी गार पडलं की त्याची प्रतिकारशक्ती ढासळते.

50 लिटरच्या टाकीला थर्मोस्टॅटवाला 100 वॅटचा हीटर घ्या. तापमान एकदम चढवू नका, दर दोन-तीन तासांनी एकेक अंश वाढवत 30 वर न्या. औषध अंगावरच्या ठिपक्यांना मारत नाही, ठिपक्यातून सुटून पाण्यात पोहणाऱ्या परजीवीच्या पिल्लांनाच मारतं. उष्णतेने ते लवकर सुटतात, म्हणून ही खटपट. औषध म्हणून लिटरला 1 ते 2 ग्रॅम बिनआयोडीनचं मीठ विरघळवून टाका. एअर पंप मात्र चोवीस तास चालूच हवा, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मुरतो.

दोन दिवसांआड पाव टाकी पाणी बदला, तळ सायफनने ओढून. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि तितकंच कोमट असू दे. बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा घाला. पाणी काढण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबा, नाहीतर काच तडकते.

ठिपके गेले तरी आठवडाभर हेच चालू ठेवा. बहुतेक जण ठिपके गेले की थांबतात आणि रोग उलटतो.