उंटाचे केस कातण्याआधी

टकळीवर कापसाचा हात बसला म्हणजे उंटाचे केसही सहज कातता येतील, असे समजू नये. आपल्या वर्धा-यवतमाळकडच्या पडीक रानांत कच्छचे रबारी, म्हणजे भटके पशुपालक, मेंढ्यांसोबत जे उंट आणतात, ते एका वशिंडाचे असतात. त्यांचे केस भरड असून मान, खांदे आणि वशिंड येथलेच काय ते जरा मऊ निघतात. उन्हाळ्याच्या तोंडावर, कातरणीच्या सुमारास, डेऱ्यावर जाऊन मागावे आणि खरूज झालेल्या जनावराचे केस फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. गोखरू आणि कुसळे धुण्याआधीच वेचावीत. पहिल्या वर्षी मी हा कंटाळा केला आणि हातभर सूत निघेपर्यंत बोटात तीन काटे मोडले. मेंढीच्या लोकरीइतका तेलकटपणा यात नसल्याने कोमट पाणी आणि साधा साबण पुरतो. निव्वळ उंटाचा धागा टोचतो व चिमटीतून निसटतो, म्हणून सुरुवातीला निम्मी मेंढीची लोकर मिसळून पिंजावी.

मऊ शालीची अपेक्षा मात्र ठेवू नये. ती शाल मंगोलिया-चीनकडील दोन वशिंडांच्या उंटाच्या आतल्या, सुमारे 16 ते 20 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या तंतूंच्या थरातून होते. तुमच्या हाती येणाऱ्या केसांचे दोर, पिशव्या आणि जाड आसने उत्तम होतात.